कलम दोन : व्याख्या

ऑगस्टा, मेन. फेब्रुवारीतला मंगळवार.
माझ्यापुढे तीन दिवे : हिरवा, पिवळा, तांबडा.
येईल त्याला तीन मिनिटं, आणि बटण माझ्या बोटाखाली.
याखेरीज काम म्हणाल तर
कोण काय बोललं ते टिपायचं
आणि पाण्याचे जग भरून ठेवायचे.

विधेयक अकरा पानांचं.
राज्याचा नोकर दुखण्यानं पडला, त्याची रजा संपली,
तर दुसऱ्यानं आपल्या रजेतले तास त्याला द्यावेत का,
द्यावेत तर किती,
आणि एकाचा तास दुसऱ्याच्या तासाएवढा भरतो का.

हा शेवटचा प्रश्न एका सिनेटरसाहेबांचा.
इंजिनिअरचा तास महाग, फरशी पुसणाऱ्याचा स्वस्त,
तेव्हा कोष्टक लागेल, म्हणाले.
कोष्टक.
टिपलं.

मग उठला रेनाल्ड पेल्टिए.
वर ॲशलंडहून आलेला, अंधारात निघून चार तास गाडी हाकत.
एकोणीस वर्षं बर्फ काढायचा ट्रक चालवतोय.
टोपी कुठे ठेवावी कळेना, ती काखेत धरली त्यानं
आणि माइकपासून हातभर लांबच उभा राहिला.

हिरवा.
आमच्या डेपोत, तो म्हणाला, आम्ही कायद्यासाठी थांबलो नाही.
वर्ना मिशोला किमो सुरू झाली नोव्हेंबरात.
तिचा रस्ता आधी काढायचो, मग स्वतःचा.
तिचं कार्ड आम्ही पंच करायचो.
पाच जण. अख्खा हिवाळा.

माझी बोटं थबकली.
असलं एकदा कागदावर आलं
की कागद कुणाचा सगा नसतो.
पिवळा.
त्यानं माझ्याकडे पाहिलं. अध्यक्षांकडे नाही, माझ्याकडे.
लिहा बाई, म्हणाला, त्यासाठीच आलोय.
चोरी म्हणा हवं तर. पण आम्हाला ती
उजेडी करता येईल असं काहीतरी करा.

आता तांबडा.
तांबडा लागला नाही.
बटण बिघडलं असेल.
अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मी जग उचलून पाणी ओतत बसले
आधीच भरलेल्या पेल्यात.

तो बोलत राहिला : ट्रकच्या पात्याबद्दल, मिठाबद्दल,
घोरणाऱ्या कुत्र्याबद्दलही काहीतरी.
नीटसं कळलं नाही, पण टिपलं.

पान दोन. मला ते पाठ आहे, टंकलं मीच.
या अधिनियमात, संदर्भानुसार दुसरा अर्थ अपेक्षित नसेल तर,
‘कर्मचारी’ म्हणजे राज्याच्या सेवेतील कोणतीही व्यक्ती;
परंतु त्यात विधिमंडळाच्या कार्यालयातील व्यक्तींचा समावेश होणार नाही.
परंतु.
या शब्दाला जिना असतो.
मी त्याच्या खालच्या पायरीवर बसते, सव्वीस वर्षं.
माझ्या नावावर आजारपणाच्या रजेचे सहाशे बारा तास.
(आजारीच पडले नाही, आई म्हणायची काटक आहे पोरगी.)
ते मला कुणाकडून घेता येणार नाहीत, हे ठीक.
देताही येणार नाहीत.
मेल्यावर उरणाऱ्या चष्म्यासारखे पडून राहतील,
नंबर फक्त माझा.

कोटांच्या खुंट्यांपाशी गाठलं त्याला.
इतका वेळ कुणी विचारलं नव्हतं म्हणून मी विचारलं :
वर्ना कशी आहे?
आली की कामावर, जानेवारीतच.
केस नाहीत, तोंड मात्र आहे तसंच.
म्हणते, माझ्या रस्त्यावर प्रत्येक टपालपेटीसमोर
बर्फाचा बांध घालून ठेवलात, गाढवांनो,
निम्मा हिवाळा तोच फोडतेय मी.
हसला. टोपी घातली.
पार्किंगमधली मीटरवाली त्याच्या काचेखाली
चिठ्ठी अडकवून गेलेली होती.

संध्याकाळी इतिवृत्त पूर्ण केलं.
बाजूने, विरोधात, तटस्थ.
नाव, गाव, घेतलेला वेळ.
भिंतीवरच्या घड्याळानं सहा मिनिटं चाळीस सेकंद मोजले होते.
मी लिहिलं :
पेल्टिए, आर., ॲशलंड. बाजूने.
तीन मिनिटं.