दोन सुतं

एगो नदीच्या काठाला, डोंगराला पाठ टेकून
चार मजल्यांचा कारखाना; वरच्या मजल्यावर फक्त लाकूड.
आयबारमध्ये शिवणयंत्रं झाली, सायकली झाल्या,
हेर्बासिओ अजून बंदुकीचे दस्तेच तासतो
आणि मी अक्रोडाचा भुसा झाडतो. तिसरं वर्ष.

ऑक्टोबरात, रानकबुतरांचे थवे खिंडीतून जायच्या आधी,
सगळेच येतात. सगळ्यांचंच काहीतरी दुखत असतं.
कोंचेसीनं दुनळी टेबलावर ठेवली,
कॉलर बाजूला सारून दाखवलं:
खांद्याखाली, काखेच्या अलीकडे, वांग्याच्या रंगाचा डाग.
"दवाखान्यातली पोरगी दार लावून विचारते,
घरी सगळं ठीक आहे ना, म्हणून.
नवरा जाऊन अकरा वर्षं झाली.
त्याला आता मारायला कुठून बोलावू?"

हेर्बासिओ हसला नाही.

"हलकी काडतुसं वापरा," मी म्हणालो. एवढं मला पाठ होतं.
तो माझ्याकडे न बघताच बोलला,
"धक्का काडतुसाचा. दुखणं मापाचं."

मग तिला खिडकीशी उभं केलं.
डोळे मीट. उचल. गाल टेकव. आता उघड.
आणि स्वतः नळीच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला.
बंदूक रिकामी, दोनदा तपासलेली,
तरी माझ्या पोटात गोळा आलाच.
शिंपी सुईच्या नेढ्यातून बघतो
तसा तो नळीवरून तिच्या डोळ्यात बघत होता.

लांबी बरोबर. गाल बरोबर.
बाहेरचा बाक बरोबर.
त्यानं वही काढली, थुंकी लावून पानं उलटली.
"हे मीच घेतलेलं माप. नऊ वर्षांपूर्वी.
लाकूड सूतभरही हललेलं नाही."

ती खिडकीबाहेर बघत राहिली.
खाली कुणीतरी ट्रक मागे घेत होतं.
"उजवी बाजू काढली," ती म्हणाली,
"मार्चमध्ये दोन वर्षं होतील."

त्यानं कानावरची पेन्सिल काढली.
वाईट वाटलं, असं काही म्हणाला नाही.
विचारलं, "हात किती वर जातो?"
"केस विंचरण्यापुरता."
"लावू का हात?"
तिनंच त्याचं मनगट धरलं आणि नेऊन ठेवलं.

दस्त्याला टाच असते, वर.
बोट असतं, खाली.
ते बोट इतकी वर्षं जिथं रुतून बसायचं
तिथं आता बरगडी होती, आणि शिवणीची दोरी.
धक्का खायलाही अंगावर जागा लागते
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

दुपारभर करवत चालली. खालून दोन सुतं, तिरकी.
बोट गोल केलं, काखेकडे वळवलं,
मागे नवी रबराची गादी.
कापलेली पाचर, नखाएवढ्या जाडीची,
मी केरात लोटणार तेवढ्यात ती म्हणाली, "दे इकडे."
रुमालात गुंडाळून खिशात टाकली.
"त्या वेळी मला काहीच परत दिलं नव्हतं त्यांनी.
विचारायचंही सुचलं नाही."

खाणीत नेऊन पहिला बार काढला
तेव्हा तिनं आवाजाच्या आधीच अंग चोरलं.
"सैल धरलीस," हेर्बासिओ ओरडला,
"सैल धरलेली बंदूक पळत येऊन मारते.
जवळ घे तिला. आणखी."
दुसऱ्या बाराला ती हलली, पण सगळीच हलली,
पायापासून, झाड हलतं तशी.
खडकावरून आवाज परत आला.
आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत.

तिनं बंदूक मोडली, धूर जाऊ दिला,
बोटानं छाती चाचपली,
जीभ दातांवरून फिरवत जरा विचार केला.

"खालून अजून थोडं," ती म्हणाली.
आणि हेर्बासिओ खिसे चाचपू लागला,
पेन्सिल कानावरच होती.