बोर्डाचा मजकूर

मालकाने चिठ्ठीत एवढंच दिलं होतं:
वर इंग्रजी, खाली मराठी, सरकारी नियमाप्रमाणे.
इंग्रजी मी बघून काढतो. अक्षर म्हणजे चित्रच,
मासा काढावा तसा एस.
पण खाली काय लिहू? सेक्लुजन.
उच्चारसुद्धा मोबाईलला दोनदा विचारला.

म्हणून गेलो कुबल बाईंकडे, आचऱ्याच्या खाडीवर,
अगदी टोकाच्या घरी.
बाई अठरा वर्षं रिटायर,
इंग्रजी मात्र अजून वर्गात उभं.
"बस रे लवू." सुपात आमसुलं पसरत होत्या.
"से म्हणजे बाजूला. पुढचा क्लूज म्हणजे लावलेलं दार.
जुन्या लॅटिनातलं."

"दार आतून लावलेलं, की बाहेरून?"

बाई थांबल्या.
बोटांचा लाल रस पदराला पुसला.
"ते शब्द सांगत नाही. वाक्य सांगतं.
म्हातारा राजा सेक्लुजनमध्ये राहिला.
वेड्या राणीला सेक्लुजनमध्ये ठेवलं.
क्रियापद बघायचं."

मला आई दिसली.
महिन्याचे चार दिवस पडवीच्या कोपऱ्यात,
गोणपाटावर, तांब्या वेगळा.
घराच्या आत बसलेली
आणि सगळे म्हणत, ती बाहेरची आहे.

"मग एकांत लिहू?"
"एकांताला दार नसतं. पण लिही, चालेल.
विजनवास लिहिलास तर गिऱ्हाईक पळेल."
"आणि तुम्ही इथं राहता ते काय?"
"मी? मी एकसुरी."
हसल्या. "पण ते नको लिहू.
पुण्याचा माणूस वाचेल नि म्हणेल, कंटाळवाणी."

निघताना दार ओढायला गेलो. येईना.
"राहू दे, ते मिटत नाही.
फुगलंय कधीचं."
"सुतार धाडू?"
"कशाला?"
मांजर आत गेलं, मागून शेजारचं पोर,
त्याच्यामागून कोंबडी.

बोर्ड लागलाय पाणंदीच्या तोंडावर,
जिथून रापणीची माणसं दोर घेऊन किनाऱ्यावर उतरायची.
आता तिथे गेट आहे,
मालाडहून आणलेलं, काळं, चाकांवर सरकणारं.
ती माणसं सड्यावरून वळसा घालतात, वीस मिनिटं जास्त.
मी आभाळी रंगात एकांत काढला,
अनुस्वार जरा मोठा झाला, सूर्यासारखा दिसला,
तसाच ठेवला. पैसे फुटावर ठरलेत.

शिडीवर होतो तेव्हा खालून गेले ते,
ओले, जाळं खांद्यावर.
धाकू मान वर करून म्हणाला,
"काय लिवलंस रे लवू?"

वाचून दाखवलं.

"आणि?"

"क्रियापद ऱ्हवला अजून," मी म्हटलं,
आणि ब्रश रॉकेलात बुडवला.