पुस्तक येणे

सोमवार ते गुरुवार मी डचांच्या वखारीत असते,
म्हणजे वेंगुर्ल्याच्या कॉलेजात, शेवटच्या बाकावर,
मिरी, जायफळ, कोणत्या साली कोणता करार.
शनिवारी ग्रंथपालनाचा वर्ग.
शुक्रवारी प्रात्यक्षिक: उभादांड्याची शाळा,
जिन्याखालची खोली, अडीच कपाटं.
उरलेल्या अर्ध्यात लेझीम.

सरमळकर सर खाकरतात आणि विचारतात, पुरावा काय?
राऊळ मॅडम विचारतात, जागा किती?
मी दोघांच्या मधल्या एस्टीत,
मांडीवर डबा, डब्यावर वर्गीकरणाच्या तक्त्यांची झेरॉक्स.
मासेमारी सहाशे एकोणचाळीस. तिथं बाबा.
नऊशेत इतिहास. तिथं मी.
एकाच घरात जेवतो, मध्ये तीन खण.

खाऱ्या हवेत पुस्तकं
कुणी वाचली नाहीत तरी फुगतात.
मी कपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवते,
कसर झटकते, आणि मॅडमनी दिलेलं काम करते:
निर्लेखन.
फाटलेली, हरवलेली, वाळवीची,
एकशे बारा नावं, तीन प्रतींत, मुख्याध्यापकांची सही.

जुन्या देवघेव वहीत, शाई पसरलेल्या पानावर,
शेवंती विठू गिरप, इयत्ता सहावी.
पुस्तकाच्या नावाचा पुढचा भाग कसरीनं खाल्लेला.
उरलंय फक्त
"…ची गोष्ट".
शेऱ्यात: शाळा सोडली. पुस्तक येणे.

दंड रोज पाच पैसे.
सेहेचाळीस वर्षांचे होतात
आठशे चाळीस रुपये, वर काही पैसे.
मी दोनदा गुणाकार केला.
मग वाटलं, कुणाकडून कुणाला?

शिपाई लाडूमामा घंटेला पितांबरी लावत होते.
"गिरपांची शेवंती? ती गेली गोव्याक,
काजीच्या फॅक्टरीत. बारा वर्सांची आसात.
फुडला माका म्हायत नाय."
आणि पुन्हा घंटा घासायला लागले.

सर, हा पुरावा आहे का?
एक मुलगी जाताना
काय काय नेऊ शकली, त्यातलं हे एक.
मॅडम, जागा फार लागणार नाही.
पण नंबर कुठला देऊ?
कुणाची गोष्ट, तेवढंच गेलंय.
राजाची असेल तर एक खण, माकडाची असेल तर दुसरा.

परीक्षेत मी बरोबर तेच लिहीन
जे पुस्तकात आहे.
यादी मात्र एकशे अकराची दिली.
नऊशेच्या खणात, शेवटी,
बोटभर फट ठेवली.

परवा सहावीतली एक आली, वेणीला रबर नाही,
तर्जनीला माशाचा काटा लागून बांधलेली चिंधी.
"बाई, हय काय होता?"
मी म्हटलं, येणं आहे.
तिनं फटीत हात घातला, कोपरापर्यंत.
"भित भिजली हा," म्हणाली,
आणि बोटं परकराला पुसून
दुसरंच काही शोधायला लागली.