कर्ता

कॉलेजच्या मागच्या जिन्यावर, धुळ्यात,
भाषण घोकत होते. दहा मिनिटं, मोबाइलवर घड्याळ.
श्रोता एकच: जीपचा ड्रायव्हर गुलाब ईशी,
शेंगा सोलत.

"नमुने घेण्यात आले, शीतपेटीत ठेवण्यात आले,
सिकलसेल असल्याचे आढळून आले..."
"रगत कोनी लिन्हं?" तो म्हणाला. "तुम्हीच ना?
पेटी तं मी धरी बठेल व्हतू."

नेरकर सरांनी समासात पेन्सिलीनं
हेच विचारलं होतं: कर्ता कुठाय?

मी. तळोद्याला. मोगी वळवीच्या पोराची शीर
तिसऱ्यांदा सापडली,
रडला नाही तो, माझ्या खिशातल्या पेनाकडे बघत राहिला.
तक्त्यात तो नुसता सत्तेचाळीस.

पुढचं वाक्य मला फार आवडायचं:
"अकरा रुग्ण पाठपुराव्यातून गळाले."
गुलाबची शेंग फोडायची थांबली.
"गळाले? बारडोलीले गयथात, ऊस तोडाले.
होळीले वनात परत."

खोडलं. पुन्हा लिहिलं:
अकरा जण ऊसतोडीला गेले.
होळीला परतले.
मी पुन्हा गेले नाही.

इंग्रजीतही तेवढंच छोटं झालं.
मोठ्यानं वाचलं. दीड मिनिट उरलं.
गुलाबनं ओंजळ पुढे केली,
सोललेल्या दाण्यांची.