पडला, फेकला

रात्री सव्वाअकराला चौकसेचा फोन.
मागे ताशे, म्हणून तो ओरडत होता:
भाऊ, छज्जे से पत्थर गिरा है, जुलूस पर.
मी लिहून घेतलं. गिरा.
पहिलं पान बाराला सुटायचं.

घरात मराठी, दफ्तरात हिंदी, अशी तीस वर्षं काढली.
दोन्हीकडे पडणाऱ्याला कुणी लागत नाही.
दात पडतो. पोपडा पडतो.
जुन्या छज्ज्याचा दगड पडतो, माकडं नाचली की.
फेकायला मात्र 'ने' लागतो.
कुणीतरीने.

व्यासजींनी मथळा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला.
'मुर्दा है,' म्हणाले, आणि चहाकडे वळले.
'बदल' असं ते म्हणाले नाहीत.
हे मी चौकशीत सांगितलं नाही, घरीही नाही.
माझ्या हाताला आपलं आपण कळलं.
'गिरा' खोडून 'फेंका' केलं,
अक्षरं तेवढीच, जागाही पुरली.
'ने' लिहिला नाही.
कर्त्याची जागा मोकळी सोडली
आणि वाटलं, आपण सुटलो.

सकाळी मल्हारगंजात पोह्यांखाली आमचाच अंक.
शेव, जीरावण,
तेल लागून 'फेंका' आणखी काळा पडलेला.
दोन पोरं उभ्यानं खात होती.
एक म्हणाला, किसने?
दुसऱ्याने तोंड भरलेलं असल्यामुळे
समोरच्या गल्लीकडे नुसती मान केली.

गल्लीच्या तोंडाशी इद्रीस पिंजाऱ्याचं दुकान,
माळ्यावर कापूस,
कापसावर त्याचा पुतण्या झोपलेला, रात्रपाळी करून.
दुपारी पुलापाशी गोळीबार झाला.
गजेंद्र सोनगरा, वय सतरा,
खिशात रिचार्जचे पन्नास रुपये.
ही नावं मीच लावली, दोन कॉलम, फोटोसकट.

चौथ्या दिवशी नगरपालिकेचा इंजिनिअर छज्जा बघून गेला.
लोखंड गंजलेलं. दगड पडला होता.
पान अकरा, निविदांच्या खाली, आम्ही छापलं: खेद है.
कुणाला, ते नाही.

महिन्याने इद्रीस आला.
कात्रण घडी घालून आणलेलं, कडा नीट कापलेल्या.
दुकान कुणी जाळलं, हे त्याने विचारलं नाही.
विचारलं, यह किसने लिखा?
मी म्हणालो, छप गया, चाचा.
तो कात्रणाची तीच घडी परत घालत बसला.

मराठीत 'मी'ला 'ने' लागत नाही.
मी लिहिलं, एवढं म्हटलं तरी भागतं.
हिंदीत चुकवता येत नाही. मैंने.
तीस वर्षं त्या भाषेचा पगार खाल्ला,
तो एक शब्द जिन्यापर्यंतही आला नाही.

घरातली गादी त्यानेच पिंजलेली.
आता गाठी झाल्यात, कुशीला रुततात.
बायको म्हणते, नवी आणू.
मी म्हणतो, राहू दे,
कापूस काय, बसतोच.