टाकळीच्या पुलापलीकडे

ठरलं काहीच नव्हतं.
शनिवारी रात्री साडेआठला अशोक चौकात
मुबीननं मामाची ओम्नी आणून उभी केली,
मागे टॉवेलचे चार गठ्ठे, पोचवायचे राहिलेले,
आणि म्हणाला, पेट्रोल आहे.
एवढंच.
त्या वर्षी आमच्यापैकी कुणाकडेच
याहून ठाम वाक्य नव्हतं.

माझा डिप्लोमा दोन विषयांवर अडलेला.
नायनाच्या सहा मागांपैकी चार
ताडपत्रीखाली.
आई विड्या वळता वळता विचारायची,
पुण्याला कधी जातोस?
तेलुगूत विचारायची,
म्हणून मराठीत उत्तर देऊन निसटता यायचं.
मुबीनला दुबईचा एजंट दर महिन्याला
पुढच्या महिन्यात म्हणायचा.
आणि रेवणसिद्ध,
पाचवीपासून माझ्या बाकावरचा,
हजेरीला हजर म्हणतानाही
आधी घसा साफ करणारा.
आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं,
पोरगा अबोल आहे.

सैफुल गेलं, सोरेगाव गेलं,
टेप बिघडलेला म्हणून मुबीन स्वतः गात होता, वाईट.
टाकळीला भीमा आली.
पाणी कुठलं, नुसती वाळू,
आणि वाळूत अडकल्यासारखा
एका ट्रॅक्टरचा दिवा.
पूल संपला. पाट्यांवरची अक्षरं गोल झाली.
मोबाईलला रोमिंग लागलं,
तेव्हा नुसता उचलला तरी पैसे जायचे.
मी फोन खिशात ढकलला,
सरकारनंच रजा दिल्यासारखा.

झळकीच्या अलीकडे टायर बसला.
स्टेपनी काढली, तीही बसलेली.
मुबीननं मामाला शिव्या दिल्या, मग स्वतःला.
रस्त्याकडेच्या शेडमध्ये
लिंबं भरत होते, बल्बखाली पोत्यांची रांग.
रेवण उतरून तिकडे गेला
आणि घसा साफ न करताच बोलायला लागला.

हात हलवत होता. मी कधी पाहिले नव्हते
त्याचे हात इतके वर गेलेले.
एक म्हातारा विचारत होता, हा सांगत होता,
मध्येच तिथल्या बायका फिस्सकन हसल्या.
आम्हाला कळत होती फक्त आमची नावं,
मुबीन, नरसिंग,
एका लांबलचक वाक्यात तरंगत आलेली.
कुणीतरी भाकरी आणल्या, वर शेंगाचटणी,
आपलीच, फक्त नाव वेगळं.
ऊटा आत्री? म्हाताऱ्यानं मला विचारलं.
मी मान हलवली. दोन्ही बाजूंना.

पंक्चरवाला पहाटे येणार होता.
आम्ही पोती उचलली, रात्रभर,
आंबट घामानं हाताच्या चिरा चुरचुरत होत्या.
मधेच मी रेवणला विचारलं,
त्यांना काय सांगितलंस आपलं?
काय करतो म्हणालास?
म्हणाला, खरं ते.
म्हणजे काय, विचारायचं राहिलं.
गठ्ठ्यांवर आडवा पडून मी हिशेब करत बसलो,
माझ्या घरच्या भाषेची पाटी
कुठल्या नदीपलीकडे लागते?
आजोबा धोटा घेऊन आले म्हणतात.
कुठल्या पुलावरून,
ते कुणी सांगितलं नाही. मीही नाही विचारलं.

विजापूर राहिलंच.
पेट्रोल तेवढं नव्हतं,
आणि घुमट काय, कुठे जात नाही, मुबीन म्हणाला,
जातो तो माणूसच. मग त्यालाच कसंतरी झालं.

परतताना रेवण पुढच्या सीटवर.
म्हाताऱ्याचा एक विनोद मराठीत आणत होता,
अर्धा आला होता, आम्ही आधीच हसत होतो.
पुलाच्या मध्यावर कुठेतरी
वाक्य सैल पडलं.
टाकळीच्या बाजूला चाकं लागली
आणि त्यानं घसा साफ केला.

फोनवर आईचे अकरा मिस्डकॉल.
पिशवीभर लिंबं ओट्यावर ठेवली,
तिनं काही न बोलता मोजली.
टॉवेल सोमवारी पोचवले.
दुकानदारानं गठ्ठा सोडला, हुंगला,
आमच्याकडे बघितलं,
आणि पैसे पूर्ण दिले.