मा.

जिनिंगच्या भिंतीवर पहिलं नाव मी लिहिलं
ते शेनफडू आप्पांचं.
गेरू, डिंक, आठ नंबरचा ब्रश.
आप्पा बाजेवर बसून बघत होते, तोंडात निंबाची काडी.
म्हणाले, "भित मोठी शे, नाव मोठं लिख रे पिंजारी.
पद बारीक लिख. पद जास, नाव राहस."
सभापती हा शब्द मी सुपारीएवढा काढला.

प्रल्हादभाऊंचं उलटं.
घरावरच्या पाटीतली आमदार ही चार अक्षरं
एस्टी स्टँडवरून दिसली पाहिजेत.
दिसली. तीन निवडणुका दिसली.
चौथीला कार्यकर्ते रात्री दोनला शिडी घेऊन आले,
"माजी लिहून टाक, भाऊ झोपलेत तोवर."
मा लिहून झालं, जी-पाशी हात अडला.
त्याच ओट्यावर मी कितीदा भरीत-भाकर खाल्लेली.
मग सुचलं. मा, आणि पुढे टिंब.
माननीय वाचा, माजी वाचा,
ज्याची त्याची मर्जी.
सकाळी भाऊ पाटीखाली उभे राहिले,
चहा निवेपर्यंत.
पाचशेची नोट दिली. बोलले काहीच नाहीत.

पाटीत खाली एक ओळ कोरी ठेवायला लावली होती,
धाकट्या हेमंतसाठी.
हेमंतनं पुण्यात गाड्यांचं शोरूम काढलं.
त्या ओळीत जयमालाताई आल्या,
साक्रीचं सासर सोडून, लेकीला घेऊन.
बेडसे लिहायचं की तिकडचं आडनाव?
गाव कुजबुजायचं, मी सरळ विचारलं.
"नुसतं जयमाला लिहा. जागा उरली तर उरू द्या."
उरली.
तिथे आता गांधीलमाशीनं घर केलंय.

मंत्रिपद मिळालं, राज्यमंत्री, खातं बंदरांचं.
पांझरा-तापीच्या मधल्या आमच्या मुलखात
एप्रिलमध्ये म्हैस डुंबायला पाणी नाही,
आणि बंदरं!
सलूनमध्ये लोक हसले, मीही हसलो,
मग सगळ्यांनी मिळून फटाके लावले.
धुळ्याहून फ्लेक्स आले, बारा बाय वीस,
त्यावर ताई होत्या त्याहून गोऱ्या.
त्या वर्षी मला काम नव्हतं.

एक दिवस ताईंचा निरोप आला,
जिनिंगच्या भिंतीवर जहाज काढा, हातानं.
म्हटलं, आप्पांचं नाव झाकलं जाईल.
"झाकू द्या."
जहाज मी पाहिलेलं नाही.
काड्यापेटीवरचं बघून काढलं, नांगर मुलाच्या पुस्तकातून.
पाण्याशी अडलो.
पुरातली तापी तेवढी माहीत होती,
तोच रंग दिला, मळकट, चहासारखा.
हेडमास्तर म्हणाले, समुद्र निळा असतो.
ताई आल्या, पुढेमागे गाड्या, पोलीस.
बराच वेळ बघत राहिल्या.
म्हणाल्या, "पाण्याला हात लावू नका.
आमच्या केबिनच्या खिडकीतून असंच दिसतं."

अकरा महिने.
फेरबदलाची बातमी मला नरडाण्याच्या फाट्यावर
कापसाच्या ट्रकवाल्यानं सांगितली, पान लावता लावता.
फ्लेक्स त्याच रात्री उतरले.
एक रामचंद्रच्या कोंबड्यांवर आहे,
पावसाचं एक थेंब आत येत नाही म्हणतो.

या वेळी शिडी घेऊन कुणी आलं नाही.
चौथ्या दिवशी मीच गेलो, डबा-ब्रश घेऊन.
ताई ओट्यावर लेकीची वेणी घालत होत्या.
"पाटीत काही बदलायचं?"
"बाबांच्या वेळी काय केलं होतं तुम्ही?"
मी टिंबाकडे बोट दाखवलं.
त्यांनी वर पाहिलं, दातात रिबन.
मग हसल्या, इतक्या की वेणी सुटली.

यंदा जहाजाचे पोपडे निघू लागलेत.
पोरं चेंडू मारतात, शिडाचा तुकडा पडतो,
खालून जुना गेरू वर येतो.
काल एकानं विचारलं,
"बाबा, आठे काय लिखेल शे?"
चष्मा पुसून पाहिलं.
एकच अक्षर मोकळं झालं होतं.
म्हटलं, "शे."